मूळ वाक्य

व्याकरणामुळेच माणसं एकमेकांशी जोडलेली राहतात, असं इंग्रजीचे निवृत्त मास्तर छातीठोकपणे सांगत. त्याच भरात ते जन्मभर बायकोच्या प्रत्येक वाक्यातली चूक काढत राहिले, आणि शेवटी ती कंटाळून मुलीकडे राहायला निघून गेली.

आज मुलगी एकटीच आली. मास्तरांनी चष्मा पुसत सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई माझ्याबद्दल काही म्हणाली का गं?"

"म्हणाली, तुझे बाबा मला फार आवडायचे."

मास्तर एकदम खुलले. "अगं, डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना काळ एक पायरी मागे जातो. तू निरोप सांगतेयस, म्हणून 'आवडायचे' झालं. तिचं मूळ वाक्य 'आवडतात' असंच असणार!"

"बाबा, तो नियम इंग्रजीचा. आई मराठीत बोलली. मी जसंच्या तसं सांगतेय."

बायकोच्या वाक्यात चूक निघावी, असं मास्तरांना इतकं मनापासून कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधली. निघाली नाही.

"आणखी काही म्हणाली?"

"हो. मिक्सरचं झाकण इथेच राहिलंय, तेवढं द्या म्हणाली."