बोटभर उजेड

सिंदी रेल्वे गावातल्या माझ्या गॅरेजात मनोहररावांची जुनी फियाट आली, तेव्हा तिचं तोंड डाव्या अंगाला कललं होतं. पुढची स्प्रिंग पार दबून गेली होती.

"किसनराव, जॅकवरच घुसा ना खाली. काऊन वेळ घालवून राह्यले?" मनोहरराव म्हणाले.

"जॅकवर भरोसा नाई करत मी."

मागच्या चाकांना दगड लावले. पुढे दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड दिले, गाडी त्यांच्यावर टेकवली आणि जॅक काढून पलीकडे कडुनिंबाखाली ठेवला. मनोहरराव तिथेच बाकावर जाऊन बसले. मी गाडीला जोर लावून हलवून पाहिलं. हलली नाही. तेव्हाच खाली गेलो.

नवी स्प्रिंग बसली. शेवटचा नट आवळताना मनात आलं, एवढ्या लोखंडाखाली माणूस किती निवांत पडतो. ते कशावर तरी टेकलंय, एवढं ठाऊक असलं की पुरतं त्याला.

सवयीने डाव्या स्टँडकडे पाहिलं. स्टँडचं डोकं आणि गाडी यांच्यामधून उजेड दिसत होता. आधी नखाएवढा, मग बोटभर. उजवीकडेही तेवढाच.

"मनोहरराव, जॅकले हात नका लावू!" मी ओरडलो.

"जॅक तं इथं माह्याजवळ आहे," कडुनिंबाखालून आवाज आला. "काऊन, काय झालं?"

मी आवाज न करता इंच इंच बाहेर सरकू लागलो. गाडी ज्याने कोणी धरली होती, त्याला दचकवायचं नव्हतं.