मामांची नजर

“तीन,” मामा म्हणाले.

बाईंचं पेन हललं नाही. “तीन? नीट बघा बरं, मामा.”

मामांनी उंदराचा मागचा पाय पुन्हा दिव्याखाली धरला. हातमोज्यातून बोटांना काही कळत नव्हतं. “दोन,” ते म्हणाले, आणि पेन भराभर चाललं.

शून्य म्हणजे पाय अगदी धड. चार म्हणजे बोटांपर्यंत टम्म सुजलेला. सूज उतरवणारं औषध कोणत्या पिंजऱ्याला द्यायचं आणि नुसतं पाणी कोणत्या, हे बाईंना ठाऊक असे. म्हणून सूज बघून आकडा सांगायला दुसरा माणूस लागे, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. प्राणीघरात हे काम मामांनी तीस वर्षं केलं होतं. मामांनी दोन म्हटलं की दोन. वरचे साहेबही फेरतपासणी मागत नसत.

गेल्या वर्षी मात्र वय झालं म्हणून त्यांना पिंजरे धुवायला टाकलं होतं. एक दिवस या नव्या संशोधक बाई तिथे आल्या, बराच वेळ दारात उभ्या राहून त्यांचं काम बघत राहिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मागून घेतलं. मामींनी ही बातमी गल्लीभर केली.

खरी गोष्ट मामांनी मामींनाही सांगितली नव्हती. त्यांना कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं होई. दार दिसे, कडी दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात वर केले होते.

बाई मायाळू होत्या म्हणून निभत होतं. पिंजऱ्यावर चिठ्ठी असली तरी त्या नंबर मोठ्याने वाचत. वाटेतलं स्टूल आधीच सरकवून ठेवत. सही करायची जागा मामांचं बोट धरून दाखवत. पोटच्या लेकीने एवढं केलं नसतं, असं मामांना वाटे.

बाकीचं काम मामा कानांनी करत. काही पिंजऱ्यांपाशी आकडा मोठा झाला की पेन थांबे आणि बाईंचा श्वासही. कमी केला की दोन्ही सुरू. पोरीची तीन वर्षं या औषधात गेलीत, आपल्या एका आकड्याने काय बिघडतं, अशी मामांनी मनाची समजूत घातली होती. फक्त नऊ नंबरची मादी पायाला बोट लागताच किंचाळली, तेव्हा ‘एक’ म्हणताना त्यांचे कान तापले होते.

रविवारी ते मामींना बरणीचं झाकण उघडून देत होते. मामींची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती.

“उंदरांचे पाय बरे करता,” मामी म्हणाल्या, “माझ्या हातांनी काय तुमचं घोडं मारलंय?”

मामा हसले. मग मामींनी सांगितलं की मोठ्या दवाखान्यात आता हेच औषध माणसांना देऊन बघणार आहेत, तुमच्या तिथला शेवटचा कागद आला की लगेच. त्यांनी आपलं नाव दिलंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, प्राण्यांवरचे आकडे उत्तम आहेत.

“मी म्हटलं, असणारच. आमच्या ह्यांनी बघितलेत.”

झाकण मामांच्या हातातून सुटलं. ते शोधायला ते खाली वाकले, आणि बराच वेळ वर आले नाहीत.

सोमवारी शेवटची पाहणी होती. बाई दिवा लावत होत्या. मामांनी हातमोजे घातलेच नाहीत.

“बाई, मला दिसत नाही.”

एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी काही मागे ठेवलं नाही. पेनाचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं, नऊ नंबरचं सांगितलं. पुन्हा पिंजरे धुवायला पाठवा, घरी बसवा, सगळ्यांसमोर उभं करा, पण ते आकडे कुठे पाठवू नका, म्हणाले.

“बायकोने नाव दिलंय. माझ्या भरवशावर पिणार आहे ती.”

नऊ नंबरच्या पिंजऱ्यात भुशावर तीन पायांची चाल ऐकू येत होती. मामा मान खाली घालून उभे राहिले. पोरीची तीन वर्षं आपण मातीत घातली, आता ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, हे ते घरूनच ठरवून आले होते.

वहीचं पान उलटलं. मग रोजच्यासारखाच मऊ हात आला, त्याने मामांचं बोट धरलं आणि कागदावर नेऊन टेकवलं.

“सही इथे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “दिसत नाही म्हणून तर तुम्हाला मागून घेतलं, मामा.”