सगळ्यांचं घड्याळ

नागोठणं मागे पडलं आणि बऱ्याच वेळानं रस्ता बरा लागला, तसा हरेशनं श्वास सोडला. मागे टेंपोच्या हौद्यात पेणहून भरलेल्या गणपतीच्या मूर्ती होत्या. पेंढा कितीही घाला, खड्डा तो खड्डाच. शेजारी त्याची मुलगी प्रतिक्षा मांडीवर पुस्तक मिटून बसली होती. रोह्याला मूर्ती उतरवायच्या आणि तिथूनच तिच्यासाठी जे स्थळ आलं होतं त्यांच्याकडे चहाला जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे हरेशनं ठरवलं होतं. चहा गोड झाला की लग्न यंदाच, आणि पुण्याला एम.एस्सी.ला मिळालेला प्रवेश तिथंच बारगळणार. घरून निघाल्यापासून पोरीनं तोंड उघडलं नव्हतं.

एवढ्या अबोल्यात गाडी चालवणं हरेशच्या स्वभावात नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, तुझ्या त्या पुस्तकात आहे तरी काय. समजेल असं सांगायचं असेल तर सांग, नाहीतर राहू दे, असंही वर म्हणाला.

प्रतिक्षानं पुस्तकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, यात सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. त्या आधी धरून चालायच्या आणि पुढे काय निघतं ते बघायचं. पहिली अशी की गाडी एकाच वेगानं सरळ जात असेल, तर आत बसलेल्यानं आतल्या आत काहीही करून बघितलं तरी त्याला सांगता येत नाही, आपण चाललोय की उभे आहोत.

हे हरेशला तिथल्या तिथं पटलं. उलट एवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतं, याचंच त्याला हसू आलं. मूर्ती काय चालण्यानं मोडते? ती ब्रेकनं मोडते, खड्ड्यानं मोडते, वळणावर मोडते. गाडी एकदा एका चालीला लागली की मागचे सगळे बाप्पा कारखान्यातल्या फळीवर बसल्यासारखे निवांत. हे त्यानं तिला दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली, आणि तेवढ्यावरही तो खूश झाला.

दुसरी गोष्ट उजेडाची होती. उजेडाचा वेग कोणीही मोजला तरी सारखाच भरतो, प्रतिक्षा म्हणाली. दिवा जागेवर असो की पळता, मोजणारा उभा असो की पळता.

इथं मात्र हरेश अडून बसला. चालत्या टेंपोतून पुढे नारळ फेकला तर त्याला टेंपोचाही वेग लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. हेडलाइट तर गाडीलाच बसवलेला. मग नारळाला लागतं ते उजेडाला का लागू नये? पोरगी रागावलीय म्हणून आपल्याला वेड्यात काढतेय की काय, अशीही शंका त्याला चाटून गेली.

"नाही लागत, बाबा. लोकांनी मोजून बघितलंय."

"मंग तुझी पयली गोष्ट खोटी."

"तीपण खरी."

"दोन्ही खऱ्या कशा गो? कायतरी सोडायला लागंल."

प्रतिक्षानं त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"लागतंच सोडायला," ती म्हणाली. "पण या दोनातलं नाही. तिसरंच काहीतरी, जे आपण न बोलता धरून ठेवलेलं असतं."

"काय ता?"

"सगळ्यांचं घड्याळ एकच असतं, हे."

मग ती बोलत राहिली. वेगवेगळ्या चालीनं जाणाऱ्या दोघांची घड्याळं जुळत नाहीत, आणि तरी दोन्ही बरोबर असतात. तुझं मागे पडलं असं म्हणायला खरं असं तिसरं घड्याळ कुठं टांगलेलंच नसतं. टेंपोच्या वेगाला हा फरक इतका बारीक की कोणाला कळणारही नाही, पण असतो.

पोरीचं भलं व्हायला हवं आणि पोरीचं मन मोडायला नको, या दोन गोष्टी गेले कित्येक दिवस हरेशच्या डोक्यात एकमेकींना ढकलत होत्या. दोन्ही खऱ्या होत्या. यातली कुठली सोडायची हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि म्हणून तो आपला एकच पाढा वाचत बसला होता. वय निघून चाललं गो, तुझ्या बरोबरीच्या समीक्षाचा पोरगा बघ चालायला लागला, लोक काय थांबून राहत नाहीत. हा सगळा पाढा त्या एकाच घड्याळावरचा होता. त्याला एकदम तिची फार दया आली, आणि थोडी स्वतःचीही.

कोलाडला रोह्याच्या रस्त्यावर वळल्यावर फोन वाजला. स्थळाकडचे, मुलाचे काका होते. हरेशनं ब्रेक इतक्या हलक्यानं दाबला की टेंपो एका हॉटेलापुढे कधी उभा राहिला ते प्रतिक्षालाही कळलं नाही.

कुठवर आलात, काकांनी विचारलं. चुलीवर आधण ठेवलंय. हरेश म्हणाला, मूर्ती उतरवून आम्ही परत फिरतो, चहाला नाय जमायचा. पोरगी पुण्याला शिकायला जातेय.

मग काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो हरेशभाऊ, शिकून येईपर्यंत वेळ निघून जाईल. घड्याळ बंद पडलं काय तुमचं?"

"नाय, चालू हाय. बरोबर हाय," हरेश म्हणाला. मग माणसं चांगली आहेत हे आठवून त्यानं जोडलं, "तुमचंबी बरोबर हाय."