गाडीकडे धावलेला

कानाच्या डॉक्टरकडे बसायला जागा नव्हती, तरी हवालदार बायकोसोबत आत येताच तिघे जण उठून उभे राहिले. धुरातून एका लहान मुलीला छातीशी धरून बाहेर येणारा हा पोलीस पेपरातल्या फोटोमुळे आता सगळ्या शहराच्या ओळखीचा झाला होता. फोटोत नव्हती ती एक गोष्ट म्हणजे डोक्याभोवतीची पट्टी.

"बसा साहेब. वहिनी, तुम्हीही बसा," उठलेल्यांपैकी एक जण म्हणाला.

स्फोटानं त्याचा डावा कान पार गेला होता, उजव्यानं जेमतेम ऐकू यायचं. बायको उजव्या बाजूला टेकली.

भिंतीवरच्या टीव्हीवर पुन्हा तीच चित्रफीत सुरू होती. रस्त्याच्या कडेला पांढरी व्हॅन, तिच्याखालून निघणारा धूर, हातवारे करून लोकांना मागं हटवणारा हवालदार. मग तो व्हॅनच्या आड दिसेनासा होतो. सगळी गर्दी पळत सुटलेली, आणि तेवढ्यात चौकड्याच्या शर्टातला एक तरुण उलट्या दिशेनं, सरळ व्हॅनकडे धावत जातो. चित्र तिथं थांबवून त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं.

"हाच तो," जाड चष्म्याचे एक गृहस्थ म्हणाले. "शेंबडं पोरही सांगेल. लोक जीव घेऊन पळतायत आणि हा उलटा निघालाय. बॉम्बचं काहीतरी अडलं असणार, ते बघायला गेला."

"आणि स्वतःच उडाला," शेजारची बाई म्हणाली. "अजून प्रेत न्यायलासुद्धा कुणी फिरकलेलं नाही म्हणे. माझ्या नणंदेच्या जावेचा भाऊ तिथंच राहतो. तो म्हणत होता, चार दिवस हा त्या कोपऱ्यावर घुटमळत होता."

"चार कसले, महिनाभर असेल," पलीकडून कुणीतरी भर घातली.

गृहस्थ हवालदाराकडे झुकले. "साहेब, तुम्ही तर त्याला जवळून पाहिलं असेल. कसा होता हो?"

प्रश्न डाव्या बाजूनं आला. हवालदाराला नुसते ओठ हलताना दिसले. तो बायकोकडे वळला. "काय म्हणतायत?"

"तुमचं कौतुक करतायत," ती म्हणाली.

पण टीव्हीवरची खालची ओळ त्याला वाचता येत होती. धावणारा तरुण हाच सूत्रधार? तो उठला. बायकोनं त्याची बाही धरली आणि कानाशी तोंड नेलं.

"अहो, तुमच्या वरच्या साहेबांनी काय बजावलंय? तपास संपेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. पुढच्या आठवड्यात पदक आहे. खाली बसा."

"गप्प बसलो म्हणूनच हे असं झालंय."

आपला आवाज किती चढलाय हे त्याला कळत नव्हतं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"व्हॅनच्या पलीकडे एक मोटार उभी होती," तो म्हणाला. "इथं ती दिसत नाही. पोर आत अडकलेली, आई दुकानात गेलेली. मी दार ओढतोय, दार उघडेना. हा आला. कोपरानं काच फोडली, कमरेपर्यंत आत शिरला, पट्टा सोडवला आणि पोर माझ्या हातात दिली. 'धरा काका, पळा,' म्हणाला. मी पळालो. तो माझ्या पाठीला लागून पळत होता. जे आलं ते सगळं त्याच्या अंगावर आलं. म्हणून मी उभा आहे. म्हणून ती पोर आहे."

कोपऱ्यातल्या एकानं शूटिंगसाठी उचललेला मोबाइल हळूच खाली घेतला.

"नाव काय होतं त्याचं?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

तिच्या ओठांवरून त्याला प्रश्न समजला. "विचारायचं राहिलं."

तो खाली बसला. चष्मेवाल्यांनी शेजारणीकडे पाहून हलक्या आवाजात म्हटलं, "एवढा मोठा धमाका झाला. डोक्यावर परिणाम होणारच बिचाऱ्यांच्या. काहीबाही दिसत असेल."

"काय म्हणाले?" हवालदारानं बायकोला विचारलं.

ती थोडा वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद चाचपत राहिली.

"म्हणाले, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय." मग ती त्या गृहस्थांकडे वळली. "मार कानाला लागलाय. डोळे शाबूत आहेत त्यांचे."

गृहस्थांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. टीव्हीवर तरुण पुन्हा एकदा धावत व्हॅनच्या आड गेला.

"इथलं आटोपलं की शवागारात जाऊ," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "त्याला न्यायला कुणी आलेलं नाही. आपण जाऊ."

"साहेब विचारतील."

"विचारू देत. आणि पदक नाही दिलं तर नाही दिलं."

त्यानं होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आतून त्याला बोलावणं आलं.

आत काचेची एक अरुंद केबिन होती. तपासणी करणाऱ्या बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, हातात बटण दिलं आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "काका, आवाज आला की हे दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं." मग त्याच्या दोन्ही कानांवर हेडफोन बसवला आणि दार घट्ट लावून त्या बाहेर यंत्रापाशी येऊन बसल्या. शेजारी बायको उभी होती.

त्यानं बटण दाबलं की लागणारा यंत्रावरचा छोटा दिवा लागला.

बाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग काचेतून आत. हवालदार डोळे मिटून, मागून कुणी हाक मारावी तशी मान किंचित वळवून बसला होता. दिवा पुन्हा लागला.

त्या उठल्या, दार उघडून त्याच्या उजव्या कानावरचा हेडफोन थोडा बाजूला केला. "काका, मी अजून आवाज सोडलेलाच नाही."

हवालदारानं समजल्यासारखी मान हलवली. बाईंनी हेडफोन नीट बसवला, दार लावलं आणि त्या जागेवर येऊन बसल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

दिवा लागला.