नवसूची दुसरी किल्ली

“रखमे, आत झोपलीस का काय?” खड्ड्याच्या दाराशी उभा राहून नवसू ओरडला.

“एवढी घाई हाय तर तुमीच उतरा ना, मुकादम! झाडू देते.”

इंजिनवाला फागू हसला. नवसू आणखीच भडकला.

जव्हारच्या त्या लाकूडगिरणीत किल्ली एकच होती. ती इंजिनाच्या कुलपात फिरली, तरच करवत चाले. करवतीखालचा भुशाचा खड्डा साफ करायचा, तर इंजिन बंद करून तीच किल्ली काढायची आणि मागच्या भिंतीतलं दार उघडायचं. दार उघडं असेतो किल्ली दाराच्या कुलपात अडकून राही, काही केल्या निघत नसे. नव्या माणसाला हे नवसूच शिकवी. “किल्ली हातात आली, म्हंजे आत कोणी नाय. मग बिनघोर फिरव.”

पण खड्डा सारखा तुंबे. इंजिन थंड होई, पुन्हा तापवावं लागे. फळ्या मागे पडत चालल्या होत्या. शेठनं बजावलं होतं, “दसऱ्यानंतर माल रखडला, तर दुसरा मुकादम बघतो.”

नवसूनं गुपचूप लोहाराकडून दुसरी किल्ली घडवून घेतली. रखमी खाली झाडत राहील, वर करवत चालत राहील. अंग चोरून बसेल ती. दसरा होऊ दे, मग बघू. त्यानं किल्ली घराच्या कुडात खोचून ठेवली.

दसऱ्याला त्याच्या बायकोनं, रुपीनं, घरातलं सगळं लोखंड हुडकून धुतलं, झेंडू वाहून पुजलं. नवसू त्या दिवशीही शेठची बोलणी खात होता.

दुसऱ्या सकाळी तो निघाला, तशी ती मागून म्हणाली, “अवो, थांबा. पुजलेलं लोखंड आज कामाला लावाय पायजे. रिकामं ठेवू नये...”

“तुझ्या विळ्याकोयत्याला वेळ नाय मला!”

गिरणीत रखमी आलीच नव्हती. खड्डा गच्च भरलेला. इंजिन तापवायचा मोठा स्टोव्ह घोंघावत होता आणि फागू झऱ्यावर पाण्याला गेला होता. चडफडत नवसूनं किल्ली काढली, मागचं दार उघडलं, तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतःच खाली उतरला.

करवतीच्या दात्यांत अडकलेला भुसा तो ओरबाडत होता. तेवढ्यात वरून, स्टोव्हच्या आवाजावर ओरडून कोणी बोललेलं कानी आलं. रुपीचा आवाज.

“फागूभाऊ, तुमचा मुकादम किल्ली घरीच इसरला! कुडात घावली. काल पुजलीय, आज पयली हीच फिरवा!”

“तरीच! कुलपात किल्ली नाय, मुकादमाचाबी पत्ता नाय.”

नवसूनं फडकं ओढून काढलं, जीव खाऊन हाक मारली. स्टोव्ह घोंघावतच राहिला.

“खड्ड्यात कोणी नाय ना, भाऊ?”

फागू हसला. “मुकादमानंच शिकवलंय, वहिनी. किल्ली हातात आली, म्हंजे आत कोणी नाय.”