कमळ्याला न टोचणारे इअरफोन

कमळ्याला इअरफोन बसले. न टोचता, न पडता, अगदी मापाचे. पण हे आधीच कळलं तर पुढे वाचायला काही उरत नाही. तेव्हा ते बसलेच नाहीत असं धरून चालू. कमळ्या घोडा होता आणि तो चालत नव्हता.

तो कर्जतच्या बाजारपेठेत, देवव्रतच्या मोबाइलच्या दुकानासमोर उभा होता. म्हणजे पुढचे पाय दुकानाच्या पायरीवर आणि उरलेला घोडा रस्त्यात. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

"दुखत नाय असा इअरफोन द्या," लगाम धरलेला सुनील म्हणाला.

देवव्रतने घोड्याकडे बघायचं टाळलं. सकाळपासून बोहनी झाली नव्हती. "कानात घालायचा, का कानावर?"

"तेच तर इचारायला आलो."

सुनीलने खिशातून काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर काढला. रबरबँड लावलेला. बटण दाबलं तर गाण्याऐवजी म्हाताऱ्याचा आवाज आला, "चल रं कमळ्या. दगुड हाय, जपून. पाठीवरची बाय जड हाय, पन सभावानं गरीब हाय. चल."

कमळ्या चालला. म्हणजे दुकानात आला. सुनीलने घाईघाईने प्लेअर बंद केला.

"हे कोण?"

"बा माझा. चांगो." गाणी ऐकायला म्हणून बाने प्लेअर घेतला आणि उन्हाळाभर माथेरानच्या वाटेवर घोडा हाकताना चुकीचं, रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं. "गाणी पुसली. सगळा बाच भरला त्यात." पावसाळ्यात बा गेला. कमळ्याला ही बातमी कोणी दिली नाही. आवाज लागला की तो चालतो, थांबला की थांबतो. पण वरच्या हॉटेलचा मॅनेजर म्हणाला होता, आमचं गिऱ्हाईक शांततेसाठी येतं, घोडा बोलता कामा नये. दिवाळीचा सीझन उद्यापासून होता. बोलत्या घोड्याला वर जागा नव्हती आणि मुका घोडा वर जात नव्हता.

"आवाजात बास जास्त हवा का?" देवव्रतने विचारलं.

"बाचा आवाज हाय तेवढाच ऱ्हाऊ द्या."

कानात घालायचा आधी लावला. सोबत लहान, मध्यम आणि मोठं रबर मिळतं. मोठं रबर कमळ्याच्या कानात गेलं आणि पुन्हा दिसलं नाही. वायर ओढून बाहेर काढावं लागलं. मग कानावर बसणारा हेडफोन. कमळ्याने एक कान पुढे केला, दुसरा मागे. हेडफोनला दोन्हीकडे जाता येईना, तो मधोमध तुटला. गळ्यात अडकवायचा होता, तो घोड्याच्या गळ्यात शिरण्याची शक्यताच नव्हती. देवव्रतने तो तरीही स्टुलावर चढून घालून पाहिला.

"वापरलेला माल परत घेत नाही हं," तो स्टुलावरूनच म्हणाला.

"वापरला कुटं? त्यानं नुस्ता चाखला."

पायरीशेजारी गजरे घेऊन बसलेली वनिता मघापासून ऐकत होती. "घोड्याला कानात घालाय घेता व्हय रं? आमच्या पोरीला अजून साधा मोबाइल नाय."

"तुझी पोरगी माथेरान चढती का माणूस घेऊन?"

"तोंड लई चालतंय तुझं, घोडा नाय चालत. वरातीची कानटोपी हाय का त्याची?"

होती. खोगिराच्या पिशवीत, लाल लोकरीची, दोन्ही कानांना गोंडे. वनिताने गजऱ्याची सुई घेतली आणि पहिल्या इअरफोनची दोन्ही टोकं टोपीच्या कानांत आतून टाचून टाकली. टोचणार कुठे, तर लोकरीला. टोपी चढली. प्लेअर टोपीच्या बंदाला बांधला, वायर जोडली, बटण दाबलं.

हॉर्न थांबले. कमळ्याने कान हलवले, दुकानातून अदबीने मागे सरकला, वळला आणि बाजारपेठेतून चालू लागला. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुनील जागीच उभा होता.

"झालं ना काम?" देवव्रत म्हणाला.

"मला ऐकू येत नाय."

"तुला कशाला ऐकू यायला हवं?"

सुनील धावत गेला, टोपीचा एक कान उचकटून आपला कान लावला. कमळ्या थांबला. कान सोडला, कमळ्या चालला. पुन्हा लावला, पुन्हा थांबला. मागे पुन्हा हॉर्न सुरू झाले.

"पुरा उन्हाळा हाय त्यात," सुनील देवव्रतला ओरडून म्हणाला. "आमी आत्ता कुटं शिमग्यापातूर आलोय. माझं नाव अजून एकदाबी घेतलं नाय बानं. फुडं घेतलं असंल."

"मग घरी बसून ऐक की!"

"घरी लावला की मीबी उठून चालाय लागतो."

यावर देवव्रतकडे कुठलंही मॉडेल नव्हतं. वनिताने सुई पुन्हा गजऱ्यात घातली आणि फुलं ओवायला घेतली.

कमळ्या पुढे निघाला होता. सुनील मागे, बा पुढे असताना चालायचा तेवढंच अंतर ठेवून. पुलापाशी कमळ्याचा डावा कान एकदम ताठ झाला.

"काय म्हनला रं?" सुनीलने विचारलं.

कमळ्याने सांगितलं नाही.

सबब, कमळ्या, राहणार कोंडाणे, यांना विनंती करण्यात येते की, घाट चढतेवेळी कै. चांगो यांनी मागून येणाऱ्या मुलाविषयी बरावाईट कोणताही उद्गार काढल्यास तो सदर मुलास विनाविलंब कळवण्याची कृपा करावी.