मनकर्णाच्या मोटारीची बॉडी

तिसरी बॉडीही बसली नाही.

मनकर्णाने चावी दिली आणि मोटार फरशीवर सोडली. ती वीतभर ऐटीत धावली, मग मागचं चाक पत्र्याला घासलं, कर्रर्र आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी ठप्प.

"झालं समाधान?" इंदूबाई चुलीपासून ओरडली. "चांगल्या बिस्किटाच्या डब्याचा सत्यानाश केला तुमी बापलेकीनं!"

"माय, डबा चांगलाच होता वं. बॉडी चुकली."

मोटार म्हणजे नुसता सांगाडा होता. चार चाकं, मधे स्प्रिंग आणि एक पितळी चावी. धामणगाव स्टेशनात उभ्या राहिलेल्या गाडीच्या एका डब्यात कुणीतरी विसरून गेलेला. सहा महिने वाट पाहूनही मालक आला नाही, तेव्हा स्टेशनमास्तरांनी तो सांधेवाल्या पुंजाजीच्या हातात ठेवला, "घे, पोरीले दे." वरची बॉडी मात्र नव्हतीच.

आठवीच्या वर्गात एकतीस पोरं आणि चार पोरी. सोमवारी शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि त्या लांबलचक टेबलावर आजवर एकाही पोरीची वस्तू लागलेली नव्हती. विज्ञानाच्या बेबीताई बाईंनी बजावलं होतं, "मांड तुझी मोटार. पण पूर्ण करून आण." पोरं तर मधल्या सुट्टीत रोज विचारायची, "नागड्या गाडीले कपडे शिवले का?" मनकर्णाने भर वर्गात सांगून टाकलं होतं, सोमवारी या आणि डोळे फाडून पाहा.

शेवटी पुंजाजीनेच डोकं चालवलं.

"मनू, आपण चुकून राहिलो. पुऱ्या गाडीची लांबी कायले मोजतो? चाकाच्या पुढच्या दांडीपासून मागच्या दांडीलोक मोज."

मोजलं. बरोबर त्याची चार बोटं.

"हे चार बोटं जमले का चाकं आपापल्या भोकात बसतात. मंग नाक लांब असो नाहीतं शेपूट."

त्याने सांगाडा कागदावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, चाकांच्या जागी चार गोल काढले आणि कागद घडी करून खिशात घातला. तसंही त्याला अकोल्याला जायचंच होतं. रुळांच्या सांध्याचे खटके ओढून ओढून अंतर्गळ झाला होता, त्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्याजवळच पत्र्याची खेळणी करणारा एक कारागीर बसतो, असं त्याला कळलं होतं.

"ऑपरेशनले चालले का बाजार कराले?" इंदूबाईने विचारलं.

"दोन्ही. बॉडी झाली का स्टेशनातून निरोप धाडतो. तुमी दोघी या. मले बी पाहा अन् बॉडी बी न्या."

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी, रविवारी तो गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मनकर्णाचं शाळेत लक्ष लागेना. एव्हाना अख्ख्या स्टेशनाला ही बॉडी ठाऊक झाली होती. पाणीवाल्यापासून मास्तरांपर्यंत जो तो तिला विचारायचा, "आली का वं बॉडी?"

शनिवारी सकाळी तारबाबू खुशालराव स्वतः क्वार्टरच्या दारात आले. हातात चिठ्ठी. शेजारच्या पार्बताबाईने ती पाहिली मात्र, लगेच हंबरडा फोडला, "काय झालं वं माय!" इंदूबाई पिठाच्या हातांनी तशीच उंबऱ्यावर बसली.

"अरे बाप्पा, काहून रडता?" खुशालराव हसत म्हणाले. "अकोल्याच्या तारेवरून आलं, जसंच्या तसं उतरवून आणलं. वाच वं मनकर्णा. तुही इंग्रजी कवा कामी येईन?"

मनकर्णाने ताठ उभं राहून, कवायतीत हुकूम देतात तसं खणखणीत वाचलं.

"पुंजाजी बॉडी रेडी. सेंड फॅमिली."

"मंजे?" इंदूबाईने विचारलं.

"मंजे बाबा सांगून राहिले, बॉडी तयार हाये, घरच्यांले पाठवा!"

आधी खुशालराव हसले, मग मनकर्णा, मग सगळी चाळ. पार्बताबाईने पदराने नाक पुसलं. "आग लागो त्या बॉडीले! माहा जीव घेतला असता." इंदूबाई हसता हसता रडली आणि रडता रडता दशम्या लाटायला बसली. पुंजाजीला गुळाच्या दशम्या फार आवडत. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती दुपारच्या पॅसेंजरला पोरीच्या आधी तयार होती.

गाडीत मनकर्णाने सांगाडा रुमालात गुंडाळून मांडीवर धरला. सोमवारी टेबलामागे उभं राहून काय बोलायचं, ते ती खिडकीकडे तोंड करून पाठ करत होती. बडनेरा मागे पडल्यावर मायने विचारलं, "रंग कोणता असंन वं?"

"निळा. म्या सांगून धाडलं व्हतं."

"तुह्यापेक्षा तुह्या बाबालेच हौस," इंदूबाई म्हणाली आणि दशम्यांचं गाठोडं सारखं करत राहिली.

अकोल्याला दवाखान्याच्या फाटकाशी चपराशी स्टुलावर बसला होता.

"कोणाकडे?"

"पुंजाजी, धामणगावचे सांधेवाले," मनकर्णा ठसक्यात म्हणाली. "त्यायचा निरोप आला. बॉडी न्याले आलो आमी."

चपराशी उठून उभा राहिला. त्याने इंदूबाईच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं. मग दोघींच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"दोघीच आल्या?"

"हो. लहानशीच तं हाये. हातातच नेतो."

चपराशाने डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "खांदा द्याले चार माणसं तरी आणाची व्हती संगं."